१० बाय १२ च्या चाळीतल्या खोलीत एफएक्स ३ वर कोणती वाइड सिने लेन्स?

गॅलरीकर:
ऑगस्टमध्ये गिरगावातल्या एका चाळीत लघुपटाचं चार दिवसांचं शूट आहे. कॅमेरा सोनी एफएक्स ३, २५ फ्रेम, फायनल फ्रेम २.३९ (रुंदी उंचीच्या २.३९ पट). खोली १० बाय १२ फूट, उंची साडेनऊ. १० फुटांच्या एका भिंतीला दार आणि खिडकी, दोन्ही गॅलरीत उघडतात. समोरच्या १० फुटी भिंतीला ओटा. लोखंडी कपाट आणि पलंग हलवता येतील, बाकी काही नाही.

अवघड शॉट तीन आहेत. आई ओट्याशी उभी, डोक्यापासून पायापर्यंत. मग आई ओट्याशी आणि मुलगा दारात, दोघं एकाच फ्रेममध्ये. तिसरा गॅलरीतून मुलाच्या मागोमाग चालत जाणारा, गिंबलवर (कॅमेरा हातात स्थिर ठेवणारं यंत्र).

समोर पर्याय असे: १) हाताशी असलेला १६-३५ मिमी एफ २.८ चा फोटो झूम. २) भाड्याने वेस्पिड सिने लेन्सचा पीएल माउंटचा सेट, १६, २५, ३५. ३) भाड्याने ईएफ माउंटच्या झीन सिने लेन्स, १६, २४, ३५. चौथा पर्याय म्हणून भाडेवाल्याने सिग्मा १८-३५ टी २ (टी म्हणजे सिने लेन्सवरचा एफ सारखा छिद्राचा आकडा) सुचवलाय, स्वस्तात.

फोकस पुलर (शॉट चालू असताना फोकस फिरवणारा) आहे. प्रश्न असा की १६ पुरेल का १४ मागवावी? सिने लेन्सचा खरंच उपयोग होईल की उगाच वजन? आणि पीएलचं अडॅप्टर लावून वाइड लेन्स भरवशाची राहते का?

फूटपट्टी:
आधी चौथा पर्याय काढून टाका. सिग्माचा १८-३५ टी २ सुपर ३५ साठी, म्हणजे लहान सेन्सरसाठी आहे, फुल फ्रेमवर कोपरे काळे येतील. एफएक्स ३ वर सुपर ३५ मोडमध्ये ४के मिळत नाही, त्यामुळे तोही मार्ग बंद. टोकिना ११-२० आणि फुजिनॉन एमके १८-५५ ची गत तीच. भाड्याने घेताना ‘सिने वाइड’ एवढंच ऐकून हो म्हणू नका, फुल फ्रेम कव्हर करते का ते विचारा.

आता १६ की १४. हा प्रश्न टेपने सुटतो. फुल फ्रेमची रुंदी ३६ मिमी. २.३९ ला कापल्यावर उंची उरते फक्त १५ मिमी. म्हणून:

दिसणारी रुंदी = अंतर × ३६ ÷ फोकल लेंथ
दिसणारी उंची = अंतर × १५ ÷ फोकल लेंथ

फोकल लेंथ म्हणजे लेन्सवरचा मिमीचा आकडा. अंतर फुटांत घातलं की उत्तर फुटांत येतं. १२ फुटांतून कॅमेरा, बॅटरी आणि मागे ऑपरेटरचं डोकं मिळून दीड फूट जातो. ओटा दोन फूट खोल आणि आई त्याच्या अर्धा फूट पुढे. म्हणजे लेन्सपासून आई आठ फुटांवर. २८ मिमीवर त्या अंतराला रुंदी मिळते सव्वादहा फूट. भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत आली! रुंदीसाठी तुम्हाला २८ च्या खाली जायची गरजच नाही.

अडवते ती उंची. साडेपाच फुटांची बाई आणि वर-खाली मिळून अर्धा फूट मोकळा, म्हणजे सहा फूट. आठ फुटांवरून सहा फूट उंची हवी तर फोकल लेंथ येते बरोबर २०. २५ वर ४ फूट ९ इंच मिळतील, म्हणजे पाय गेले. १६ वर साडेसात फूट मिळतात, पण बाजूच्या दोन्ही भिंती आणि तुमचे सगळे लाइट फ्रेममध्ये येतात.

दुसऱ्या शॉटला कॅमेरा १२ फुटी भिंतीच्या मध्यावर न्या. दोघं लेन्सपासून साधारण सात फुटांच्या रेषेत येतात आणि त्यांच्यामध्ये साडेनऊ फूट अंतर. २४-२५ वर दोघं अगदी कडेला चिकटतात, २० वर फ्रेमच्या मध्यापासून पाऊण अंतरावर बसतात. इथेही २०.

तेव्हा सेट कुठलाही घ्या, १६ आणि २४-२५ च्या मधली लेन्स मागा. झीनमध्ये २० टी १.९ आहे, वेस्पिडमध्ये २१ आहे, झाइस सीपी.३ मिळाला तर २१ टी २.९. दिवसभर कॅमेऱ्यावर हीच राहील. १४ विसरा.

आणि एक गोष्ट, जी विकत घेतानाही कोणी सांगत नाही. ‘झिरो डिस्टॉर्शन’ लिहिलेली लेन्स कडेचा चेहरा वाचवत नाही, उलट सरळ रेषा सरळ ठेवण्याची किंमत चेहरा देतो. मध्यापासून जितक्या अंशांवर माणूस, तितका तो आडवा ताणला जातो. २४ च्या अगदी कडेला डोकं सव्वापट रुंद दिसतं, १६ च्या कडेला दीडपट. हा ताण कोनाचा आहे, लेन्सच्या कंपनीचा नाही. तुमच्या दुसऱ्या शॉटमध्ये दोघं ३४ अंशांवर आहेत, म्हणजे १.२ पट. मुलाला उंबऱ्यातून एक पाऊल आत घ्या, आईला ओट्यापासून फूटभर अलीकडे आणा, २८ अंशांवर येतात आणि ताण १.१३ वर उतरतो. तेवढं डोळा खपवून घेतो.

कॅमेरा लेव्हलमध्येच ठेवा. कपाट, दाराची चौकट, खिडकीचे गज, सगळ्या उभ्या रेषा आहेत. २० वर पाच अंश खाली झुकवला तरी कपाट पडतंय असं वाटतं. फ्रेम खाली हवी असेल तर कॅमेऱ्याची उंची उतरवा, टिल्ट नको.

शिम:
वरचा हिशेब बरोबर. मी अडॅप्टरबद्दल लिहितो, कारण वाइड लेन्स तिथेच मरते आणि दोष लेन्सला लागतो.

पीएलचं फ्लँज अंतर, म्हणजे माउंटपासून सेन्सरपर्यंतचं, ५२ मिमी, ईएफचं ४४, सोनी ईचं १८. म्हणजे पीएल अडॅप्टर बरोबर ३४ मिमी जाड हवं आणि ईएफचं २६. ‘बरोबर’ म्हणजे किती? ५० मिमीच्या लेन्सला अडॅप्टर ०.०५ मिमीने बुटकं असलं तर दूरची इमारत अनंताच्या खुणेऐवजी ५० मीटरच्या जागी शार्प येते. स्केलवर हा फरक केसाएवढा, कुणाला कळतही नाही. १६ मिमीला तीच चूक केली की तीच इमारत १७ फुटांच्या खुणेला शार्प येते. गणित सोपं आहे: फोकल लेंथचा वर्ग भागिले चूक, दोन्ही मिमीत. ०.०५ मिमी म्हणजे झेरॉक्सच्या कागदाची निम्मी जाडी.

चूक उलटी असली, म्हणजे अडॅप्टर जाड, तर आणखी वाईट. अनंताला फोकस पोहोचतच नाही, रिंग ठेचेला लागते, म्हणजे शेवटाला अडते, आणि समोरची चाळ तरीही मऊ.

तुमच्या खोलीत अनंत लागणार नाही म्हणून सोडून देऊ नका. पुलर टेपने सात फूट मोजून सातच्या खुणेवर येईल आणि फोकस पडेल दहाच्या पुढे. वाइडवर छोट्या मॉनिटरमध्ये ते दिसत नाही, सगळंच शार्प वाटतं. मोठ्या पडद्यावर कळतं की आईच्या मागचे डबे शार्प आहेत आणि आई नाही.

लेन्स ताब्यात घेताना भाडेवाल्याकडेच तपासा. कॅमेरा ट्रायपॉडवर, लेन्स पूर्ण उघडी, पीकिंग (शार्प कडा रंगवून दाखवणारी सोय) बंद, मॅग्निफायर चालू. टेप सेन्सरच्या खुणेपासून लावा, म्हणजे बॉडीवरचं आडवी रेघ मारलेलं वर्तुळ. लेन्सच्या तोंडापासून नाही. भिंतीला बारीक टायपाचं वर्तमानपत्र चिकटवा, ३ फूट, ६ फूट, १० फूट अशी तीन अंतरं घ्या, मग खिडकीतून दीड-दोनशे मीटरवरच्या इमारतीची अँटेना. प्रत्येक वेळी डोळ्याने फोकस करा आणि मग खुणेकडे बघा, खुणेवर आणून ‘ठीक वाटतंय’ म्हणू नका. आधी सर्वांत वाइड लेन्स, मग सर्वांत लांब. दोन्हीच्या खुणा एकाच बाजूला सरकल्या असतील आणि वाइडच्या जास्त, तर दोष अडॅप्टरचा. एकाच लेन्सच्या सरकल्या असतील तर ती लेन्स शिम करायला, म्हणजे माउंटखाली पातळ चकती घालून अंतर जुळवायला हवी.

चांगल्या पीएल अडॅप्टरमध्ये पातळ शिम घालायची सोय असते. लांबचं अलीकडच्या खुणेला शार्प येत असेल तर शिम वाढवायची, अनंताला पोहोचत नसेल तर काढायची. हे काम दुकानात त्यांच्या माणसाकडून करून घ्या. सेटवर स्क्रू ड्रायव्हर काढायचा नाही. आणि तपासलेलं अडॅप्टरच सोबत न्या, ‘सेम टू सेम दुसरं देतो’ चालत नाही.

आता वजन. सिने लेन्स किलोच्या आसपास किंवा वर, त्यात पुढे मॅट बॉक्स (फिल्टर धरणारी, ऊन अडवणारी चौकट). ई माउंटचं बेयोनेट यासाठी बनलेलं नाही. लेन्स किंचित खाली झुकते, मग फ्रेमची वरची बाजू शार्प आणि खालची मऊ. १५ मिमीचे रॉड आणि खाली लेन्स सपोर्ट हवाच. फॉलो फोकस फिरवताना चित्र उडी मारतंय का तेही बघून घ्या, मारत असेल तर माउंटमध्ये खेळ आहे.

स्केल फुटांतली मागा. पुलर फुटांत बोलणार आणि लेन्स मीटरमध्ये, यात दिवस जातो.

माळ्यावरचा:
दोन्ही प्रतिसाद उत्तम, पण फोटो झूमला इतक्या लवकर बाद करू नका. १० बाय १२ मध्ये कॅमेरा, पुलर, बूम आणि दोन नट. किलोभराची लेन्स, रॉड, सपोर्ट, मॅट बॉक्स आणि त्यावर मोटर, हे सगळं भिंतीपासून दीड फुटात बसत नाही, अडीच फूट जातात. ‘फूटपट्टी’च्या हिशेबात आठ फूट सात झाले की २० ऐवजी साडेसतरा लागते. मग सिने लेन्सने दिलं काय?

झूमचा खरा अडथळा फोकसचा आहे. त्याची रिंग वायरवर चालते, रिंग आणि काच यांचा थेट संबंध नाही. हळू फिरवली तर फोकस कमी सरकतो, झटकन फिरवली तर जास्त, त्यामुळे पुलरने पेन्सिलने केलेली खूण दुसऱ्या टेकला खोटी ठरते. लेन्सला लिनिअर फोकसची सोय असेल तर ती चालू करा, खूप फरक पडतो. ठेच मात्र तरीही नाही. आणि फोकस आईवरून मुलावर नेताना फ्रेम श्वास घेते. कडेला दाराची चौकट असली की ती आत-बाहेर होताना स्पष्ट दिसते. सिने लेन्समध्ये हे पुष्कळ आवरलेलं असतं, शून्य नसतं.

पण किती शॉटमध्ये फोकस ओढायचाय? १६ ला २.८ वर फोकस १० फुटांवर ठेवला आणि कडक निकष लावला, म्हणजे फोटोवाल्यांच्या ०.०३ ऐवजी ०.०१५ मिमी, तरी पावणेसात ते २० फूट सगळं शार्प राहतं. तिथे पुलरने चहा प्यावा. २० वर टी २.८ आणि माणूस चार-पाच फुटांवर आला की मात्र तो हवाच.

म्हणून माझी वाटणी अशी: फोकस ओढायचा आहे तिथे सिने २० किंवा २१ आणि ३५. गॅलरीतल्या चालत्या शॉटला फोटो झूम २० वर ठेवून गिंबलवर, ऑटोफोकस चालू. गॅलरीत १६ लावली की कठडा कडेने गाडीच्या वेगाने पळतो आणि मुलगा जागच्या जागी चालतो असं वाटतं. २४ केलंत तरी हरकत नाही.

आणि आयबिस, म्हणजे सेन्सर हलवून चित्र स्थिर करणारी कॅमेऱ्यातली सोय! वाइडवर गिंबल असताना ते बंद करा. सेन्सर हलतो तेव्हा मध्यभाग स्थिर राहतो, कोपरे जेलीसारखे थरथरतात. ॲक्टिव्ह मोडमध्ये वर १.१ चा क्रॉप, म्हणजे २० ची २२ झाली. पीएल लेन्सची फोकल लेंथ कॅमेऱ्याला आपोआप कळत नाही, त्यामुळे आयबिस वापरायचंच असेल तर फोकल लेंथ मेन्यूत हाताने भरावी लागते. सकाळी ३५ भरली आणि दुपारी १६ लावली, की कॅमेरा दुपटीने भरपाई करतो आणि ट्रायपॉडवरचं चित्रही तरंगतं. लेन्स बदलणाऱ्यानेच आकडा बदलायचा, हे आधी ठरवून घ्या.

गॅलरीकर:
सर्वांचे आभार. आज जाऊन टेप लावला. ओटा २२ इंच खोल आहे, आणि खिडकी उघडून ट्रायपॉड गॅलरीत ठेवला तर गजांमधून लेन्स आत येते, आणखी दोन फूट मिळतात. मग आईचा शॉट २५ वर बसेल असं दिसतं. २१ मागवतोय, १४ रद्द.

राहिलं फिल्टर. गॅलरीत दिवसा काय करायचं? व्हेरिएबल एनडी (फिरवून प्रकाश कमी-जास्त करणारा फिल्टर) आहे ७७ ची. आणि पाऊस असणारच.

काचवाला:
गजांमधून शॉट घेणार असाल तर मॅट बॉक्स लावूच नका, गजांना लागून त्याची झडप (फ्लॅग) निघते आणि डोकं आपटलं की फिल्टर जातो.

व्हेरिएबल एनडी २४ च्या खाली वापरू नका. त्यात दोन पोलरायझर एकमेकांवर असतात, वाइडच्या कडेला किरण तिरपे येतात आणि गडद केल्यावर आकाशात काळी फुली उमटते. पोस्टमध्ये जात नाही. एकटा पोलरायझरही वाइडवर आकाश अर्धं गडद, अर्धं फिकट करतो.

हिशेब बघा. लख्ख ऊन, आयएसओ ८००, शटर १/५०, तर फिल्टरशिवाय छिद्र येतं एफ ६४. टी २.८ वर यायला नऊ स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा), म्हणजे २.७ ची एनडी. ऑगस्टच्या ढगाळ दिवसात त्यातले तीन-चार स्टॉप सुटतात, गॅलरीच्या सावलीत आणखी. तेव्हा ४ बाय ५.६५ च्या ०.६, १.२, १.८ अशा तीन काचा पुरतात. १.२ च्या वर आयआर (इन्फ्रारेड) आवरणारीच मागा, नाहीतर काळं कापड चॉकलेटी येतं. पण तीही शोषून घेणाऱ्या प्रकारातली. आरशासारखं कोटिंग असलेला आयआर कट फिल्टर वाइडच्या कडेला हिरवट झाक देतो. हे सगळं टाळायचं तर गॅलरीच्या दिवसापुरता सोनीचाच एफएक्स ६ कॅमेरा घ्या, त्यात एनडी आतच आहे, १/४ पासून १/१२८ पर्यंत.

मॅट बॉक्स लावाल तिथे कोपरे तपासा: पांढरी भिंत, टी ११, फोकस एकदा अगदी जवळ आणि एकदा अनंतावर. उघड्या लेन्सवर कापलेला कोपरा नुसता अंधुक दिसतो, छिद्र बंद केलं की कड स्पष्ट होते. १६ वर दोन खणांचा मॅट बॉक्स बहुधा कापेल, एक खण काढा.

पाऊस. वाइड लेन्स पुढच्या काचेवरचं सगळं दाखवते. ८५ मिमीवर थेंब नुसता धुरकट डाग होतो, १६ वर टी ८ ला त्याची कड दिसते. पागोळ्या थेट लेन्सवर येतात, कारण गॅलरीत कॅमेरा कठड्याकडेच सरकतो. मॅट बॉक्समध्ये पुढे एक साधी पारदर्शक काच ठेवा, अशा दोन घ्या, एक लावलेली आणि एक पुसलेली. टेकच्या मध्ये काच बदलायची. लेन्सला शर्टाचं टोक लावायचं नाही.

गाडीतल्या एसीतून लेन्स थेट गॅलरीत काढू नका. बाहेर ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू २७ च्या आसपास असतो आणि एसीतली काच २३ वर, धुकं धरणारच. पुसून उपयोग नाही, परत येतं, आणि कधी ते आतल्या काचेवर असतं. पेटी बंदच ठेवून अर्धा तास बाहेर राहू द्या, मग उघडा. रात्री लेन्स ओलसर पेटीत बंद करून भाडेवाल्याला परत देऊ नका. सिलिका जेल निळं असेपर्यंत ठीक, गुलाबी झालं की बदला. सेट घेताना टॉर्च मारून कडेने बघून घ्या, बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू आधीपासून असतील तर फोटो काढून तिथेच पाठवा. नंतर वाद नको.

५० हर्ट्झ:
थोडक्यात दोन गोष्टी, लेन्सबाहेरच्या, पण वाइडमुळेच डोक्याला ताप होणाऱ्या.

२० वर खोलीतली ट्यूबलाइट फ्रेममध्ये असणारच. २५ फ्रेमला १/५० ठेवा, म्हणजे फ्लिकर नाही. स्लो मोशन हवं असेल तर १०० फ्रेम, १/१००. १२० केलंत तर ट्यूब लपलपेल. आणि ४के मध्ये या दोन्ही वेगांना एफएक्स ३ १.१ चा क्रॉपही करतो. स्वस्तातले एलईडी बल्ब टेस्टमध्ये तपासा, काही या आकड्यांवरही लपलपतात.

दुसरं, काच. लोखंडी कपाटाचा आरसा, देव्हाऱ्यावरचे फ्रेम केलेले फोटो, ओट्यावरची स्टीलची पातेली. वाइडमध्ये या सगळ्यांत कॅमेरा दिसतो. कपाटाचं दार एक-दोन इंच उघडं ठेवा, आरशाचा कोन बदलतो. फोटोफ्रेमच्या वरच्या कडेमागे दुमडलेला पुठ्ठा सरकवा, काच खाली झुकते आणि तिच्यात कॅमेऱ्याऐवजी जमीन येते. पातेल्यांना असं काही करता येत नाही, ती फिरवून बघावी लागतात. प्रत्येक लेन्स बदलल्यावर पुन्हा.

गॅलरीकर:
कपाटाचा आरसा डोक्यातच नव्हता. लेन्सची टेस्ट शनिवारी आहे, वर्तमानपत्र आणि टेप घेऊन जातोय. १६ आणि २१ च्या खुणा किती सरकल्यात ते इथेच टाकतो.

शिम:
आकडे टाकताना अडॅप्टर कोणतं आणि लेन्स किती टी वर होती तेही लिहा. टी ५.६ वर घेतलेली टेस्ट काहीच सांगत नाही, ०.०५ मिमीची चूक तिथे झाकली जाते.